लांबचा टँगो, जवळचा टँगो

माझ्या बायकोला माझ्याबरोबर नाचायचं होतं. मी तिच्याबरोबर लोकांसाठी नाचलो.

रेखाला जाऊन आज वर्ष झालं.

तिचा मावसभाऊ सुनील जर्मनीत नोकरीला होता. तिथल्या लोकांत मिसळायला भाषा पुरेना, म्हणून गडी टँगो हा जोडीचा नाच शिकला. परत आला तो बुऱ्हाणपूरला टँगो शिकवायच्या जिद्दीनेच.

शहराने त्याला रविवारची सकाळ, मंगल कार्यालयाचा वरचा हॉल आणि चार जोडपी दिली. त्यातलं एक आम्ही.

टँगो दोन तऱ्हेचा, त्याने सांगितलं.
एक लांबून. हात धरायचे, मधे जागा ठेवायची, पावलं मोठी टाकायची. बघणाऱ्याला छान दिसतो.
दुसरा जवळून. छातीला छाती, गालाला गाल, पावलं एवढीशी. बघणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही.

चारही जोडप्यांनी एकमताने लांबचा निवडला. आमच्या मधून केळीचा अख्खा घड आरामात गेला असता.

मला तो जमलाही. भाच्याच्या रिसेप्शनला नाचलो, तर खकनारचे पाहुणे जेवण सोडून बघत होते. व्हिडिओ अजून फिरतोय.

मग एका रविवारी सुनील म्हणाला, आज जवळचा.
बाकीचे तिघे नवरे पाणी प्यायला गेले.
रेखा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात वर केलेले.

आणि मला विनोद सुचला.

"भटजींना बोलवा रे, अंतरपाट धरायला."

हॉल हसला. रेखाही हसली. हात खाली घेतले.

घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "लग्नात अंतरपाट काढतात तरी. तुम्ही अजून धरून उभे आहात."

थोड्या वेळाने, "नाचताना तुम्ही माझ्याकडे बघतच नाही हो. कोण बघतंय, ते बघता."

मी उगाच हॉर्न वाजवला. एरवी मला कायम उत्तर सुचतं, हीच तर बोंब.

पुढच्या रविवारी ती क्लासला आली नाही. मी का म्हणून विचारलंही नाही. म्हटलं, राग उतरला की विचारू.
दोन महिन्यांत तिला अटॅक आला. विचारायचं राहिलं.

गेल्या रविवारी एकटाच हॉलवर गेलो. सुनीलला म्हटलं, जवळचा शिकव.
पार्टनर कोण, हे त्याने विचारलं नाही. स्वतःच पुढे आला.

"जिजाजी, डोळे मिटा."

चार पावलं चाललो असेन. मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकून नुसता उभा राहिलो. लोक बघत असतील. मला ठाऊक नाही.

रेखा, सोपा आहे गं हा.
तुझ्याबरोबर तर सहज जमला असता.

तुला नमस्कार. आणि माफी.