नानांची हाक: ट्यूब मांडीवर घेऊन पेण ते रोहा

नाना गेल्याचं मला रेडिओवरच कळलं. ते पेणला गणपतीचा कारखाना चालवायचे, मी ठाण्यात शाळेत विज्ञान शिकवते. आमची ओळख हौशी रेडिओची, म्हणजे परवाना काढून घरच्या संचावरून लांबलांबच्या माणसांशी बोलणाऱ्यांतली. आमच्यात एक रीत आहे. कुणी गेलं की रविवारी सकाळी सगळे हवेत, रेडिओवर, जमतात तेव्हा त्याचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, तीनदा पुकारायचं आणि मग गप्प राहायचं. उत्तर कुणी द्यायचं नाही.

नानांची हाक रोह्याचे बापू देणार होते, ते त्यांचे सगळ्यांत जुने दोस्त. पण बापूंच्या अ‍ॅम्प्लिफायरची ट्यूब उडाली होती. आवाज लांब पोचवायचा तर ती हवी, आणि तशी दुसरी ट्यूब होती नानांच्याच घरी. ती न्यायला मी निघाले.

शनिवारी सकाळी पनवेलहून एसटी धरली. तुम्ही जाणार असाल तर कितीही रिकामा दिसला तरी मागचा बाक टाळा. महामार्गाचं काम चालूच आहे आणि गाडी कुठे वळवायची ते ड्रायव्हरलाही ऐनवेळी समजतं. पेणला उतरलं की कारखाना चालत जाण्याइतका जवळ. मे महिना असल्यामुळे अंगणभर पांढरे, डोळे न आखलेले गणपती वाळत होते आणि कामातून कुणालाच फुरसत नव्हती. नाना गेले म्हणून ऑर्डरी थांबत नाहीत.

नानींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आतून एक टोपली आणली. परगावी पाठवायची मूर्ती पेंढ्यात बसवतात तशी काचेची ट्यूब त्यात उभी बसवली होती, चांगली तांब्याएवढी. नानांनी स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर बांधायला म्हणून कधीतरी आणली होती. बांधणं राहून गेलं.

"जल्मभर बारीकच आवाज यांचा," नानी म्हणाल्या. "समोरचा म्हनायचा, नाय ऐकू आला, परत सांगा. एकदा तरी यांचं नाव मोठ्यानं जाऊ दे गो. जाईल ना?"

"जाईल, नानी," मी छातीठोकपणे सांगितलं.

अशा ट्यूबच्या आत फिलामेंटची नाजूक तार असते. आडवी ठेवून हादरे बसले तर ती तुटते. म्हणून टोपली मांडीवर उभी धरून बसले.

"बाई, वर ठेवा ती," कंडक्टर म्हणाला.

"नको, मांडीवरच बरी."

"काय हाय त्यात? गणपती?"

पेणहून निघालेली पेंढ्याची टोपली, त्याने दुसरं काय समजावं! मी मान डोलावली. तो पुढे जाऊन ड्रायव्हरला म्हणाला, "दमानं घ्या, बाईंजवळ मूर्ती हाय." आणि त्या भल्या माणसाने गडब गावाच्या पुढचा सगळा खडबडीत पट्टा खरंच जपून घेतला. नागोठण्याच्या स्टँडवर मी एका हाताने वडापाव खाल्ला. चटणी झणझणीत, पाण्याची बाटली जवळ ठेवा. मग अंबा नदी मागे टाकून रोह्याकडे.

बापू धाटावच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले, बोलायला रोखठोक. त्यांनी ट्यूब खिडकीच्या उजेडात धरून तार शाबूत आहे ना ते पाहिलं. "हिला आधी शेकायला लागेल," म्हणाले.

पडून राहिलेल्या ट्यूबमध्ये आतल्या धातूतून किंचित वायू सुटतो. एकदम हजारो व्होल्ट दिले तर आतल्या आत ठिणगी पडते आणि सगळं संपतं. म्हणून आधी नुसता फिलामेंट पेटवून ठेवायचा, बराच वेळ, आणि मग व्होल्टेज हळूहळू चढवायचं. बापू याला बाळंतिणीच्या शेकण्यावरून 'शेकणं' म्हणतात. कोकणात आम्ही सगळ्यांनी हे त्यांच्याकडूनच शिकलोय.

संध्याकाळी ट्यूब लावली, फिलामेंट नारिंगी उजळला, आणि थोड्याच वेळात आळीची वीज गेली. आली ती थेट रविवारी सकाळी. तोवर बॅटरीवरच्या छोट्या संचावर सगळे जमलेले ऐकू येत होते. बापूंचीच वाट बघत होते.

"बापू, शेकणं राहिलंय," मी म्हटलं.

"माहीत हाय मला. पण लोक किती वेळ थांबतील गो? नान्या काय परत मरनार हाय?"

खरं म्हणजे मलाही ती हाक मोठ्याने जायलाच हवी होती. त्यांनी फिलामेंट पेटवला, जरासा तापू दिला आणि मोठं बटण दाबलं. काचेत निळा लखलखाट झाला, फट् आवाज आला आणि जळका वास सुटला. ट्यूब गेली.

"सगळ्यांना मीच सांगत आलो," एवढंच बापू म्हणाले.

मग त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरची मोठी अँटेना काढून छोट्या संचाला जोडली. दूर कुठे विजा होत असाव्यात, खरखर खूप होती. बापूंनी नानांचं कॉलसाइन तीनदा पुकारलं. नंतर नुसती खरखर.

मी पेणला फोन लावला.

"काय बोलली मानसं?" नानींनी विचारलं.

"कुणी नाही बोललं. रीतच आहे तशी, ऐकलं की गप्प राहायचं."

"आनि ऐकलंच नसंल तर?"

"तरी गप्पच असतात, नानी." मग ट्यूबचंही सांगून टाकलं.

"म्हनजे बारीकच गेलं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

परतीला रोह्याहून रेल्वे बरी, हाडं शाबूत राहतात. कुंडलिका नदीचा काठ पाहण्यासारखा आहे म्हणतात. मी पाहिला नाही. घरी येऊन आठवडाभर नानींचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. शांतता सगळीकडे सारखीच ऐकू येते, मानाची कुठली आणि न पोचल्याची कुठली हे कसं ओळखायचं?

पुढच्या रविवारी मी आमच्यात कुणी करत नाही ते केलं. हवेत सरळ विचारलं, गेल्या वेळी नानांची हाक कुणी ऐकली? एक म्हणाला, फक्त खरखर. दुसराही तेच. मग गुहागरकडचे एक मास्तर म्हणाले, "मी ऐकली. तिन्ही वेळा. अगदी पुसट होती, पण नानांचीच होती."

तेव्हाच नानींना फोन केला.

"कोन, गुहागरचा मास्तर?" त्या म्हणाल्या. "अगो, तो तर यांना तोंडच उघडू द्यायचा नाय! यांनी एक शब्द काढला का त्याची गाडी सुरू. हे नुसते हसत बसायचे." मग त्यांनी विचारलं, "आनि तो गप्प बसला?"

"बसले, नानी. शेवटपर्यंत."

"मास्तर गप्प बसला," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि रडू लागल्या.