डाव्या कुशीवर

कणकवलीच्या एसटी स्टँडवर बाबा सोडायला आले तेव्हा त्यांच्या पिशवीत खाऊ नव्हता, चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा होता. "मुंबईत वाट," म्हणाले. आमच्याकडचा निरोप हा असा. आई खिडकीचा गज धरून एवढंच म्हणाली, "कोणाफुडे वाकू नको गो."

सुमे, तू पत्रात विचारतेस, डॉक्टर होताना शिकवायचंही असतं का? असतं. पण कसं शिकवायचं ते कोणी सांगत नाही. वरचे करतात तसं करायचं. उपनगरातल्या आमच्या रुग्णालयात सर खाटेशी उभे राहत आणि पेशंटचं नावही न घेता म्हणत, "ही झडपेची केस. ऐका." मग पंधरा मुलं, पंधरा गार स्टेथोस्कोप. मला किळस यायची. घाटकोपरच्या खोलीवर मैत्रिणींपुढे मी त्यावर भाषणं ठोकायचे.

मग माझी पाळी आली. वॉर्डात चारकोपच्या अनसूयाबाई होत्या, आपल्याच कुडाळकडच्या. हृदयाची झडप आकसलेली. इतका स्पष्ट आवाज वर्षातून एखाद्याच छातीत सापडतो. शुक्रवारी त्यांना घरी सोडायचं होतं. शनिवारी सकाळी नातवाचं बारसं होतं, आणि त्याच वेळी मुलांना शिकवायचा माझा पहिला तास. मी केसपेपरवर लिहिलं, ‘निरीक्षणासाठी सोमवारपर्यंत.’ सरांनी न वाचता सही केली.

"बाय, माका सोड गो. उद्या नातवाचा बारसा आसा."

"तुमच्या तब्येतीसाठीच ना, मावशी," मी म्हणाले. मालवणीत खोटं बोलायची हिंमत झाली नाही. पुस्तकी मराठीत झाली.

तास झकास चालला होता. आवाज ऐकायचा तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास सोडून धरायला लावायचा, असं मी सांगू लागले. माझं वाक्य संपायच्या आत अनसूयाबाई आपणहून डाव्या कुशीवर वळल्या. पदर बाजूला केला, श्वास सोडून धरला आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

"मावशी तर एक्स्पर्ट आहेत यार!" एक मुलगा म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची शिसारी अजून गेलेली नाही. सरांची कधी इतकी आली नव्हती.

चार जणांचं ऐकून झालं तेव्हा भिंतीकडूनच प्रश्न आला, "अजून कितके रवले?"

अकरा राहिले होते. मी म्हणाले, "तास संपला."

"मॅडम, परीक्षेत हेच आलं तर आमची वाट लागेल!"

"लागू दे. यांना कालच सोडायचं होतं. तुम्हाला आवाज ऐकवायला मी कागदावर खोटं लिहून यांना अडकवलं. आज शिकायचं ते एवढंच."

दुपारी सर कडाडले, "पत्रकबाजी घरी ठेवून ये!" त्यांचं काय घेऊन बसू? खोटं माझ्या अक्षरात होतं. मी स्वतः डिस्चार्जचा कागद केला. तोवर चारकोपला बारसं उरकलं होतं.

निघताना मी माफी मागितली. अनसूयाबाईंनी माझ्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे बघितलं. मग म्हणाल्या, "घराक ये. पण ता गळ्यातला काढून ये."

अजून गेले नाही. सुटी मिळाली की गावाला येते. तिथे मी बाबांची शहाणी लेक असते, माझं खोटं कोणाला ठाऊक नसतं. चारकोपच्या त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी बोलावलंय. सुमे, या खेपेला गावी येणार नाही. आधी तिथे जाते.