ब्रेकचा दिवा आणि एक शब्द

आधीच सांगून टाकते, त्या दिवसांत माझं आणि महाराजांचं बिनसलं होतं. महाराज म्हणजे आमचे दत्तमहाराज. शनिवार पेठेतल्या एका लहानशा दत्तमंदिरात मी दर गुरुवारी जाते. तेव्हाही जात होते, पण भांडायला. बाकीच्या बायका डोळे मिटून हात जोडायच्या आणि मी डोळे वटारून जाब विचारायचे. कारणही तसंच होतं. यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू हळूहळू सुधारत होती, समजत सगळं होतं, पण वाचा गेली ती गेलीच. एकच शब्द उरला होता, "बरं". भूक लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, आमटीत मीठ नसलं तरी बरं. सबंध संसारात या माणसाने माझ्या एका गोष्टीला सरळ बरं म्हटलं नव्हतं, आणि आता दिवसभर तेच. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

आम्ही राहतो विश्रांतवाडीला. यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई शनिवार पेठेत, म्हणजे देवळापासून दोन गल्ल्यांवर. गुरुवारी त्यांच्याकडे धडा आणि मग दर्शन, असा आमचा क्रम. न्यायला आमची जुनी गाडी होती. यांनी कारखान्यातून निवृत्त होताना ती घेतली तेव्हा एबीएसवाली गाडी सोसायटीत दुसरी नव्हती. येईल त्याला हे समजावून सांगायचे, की कितीही जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होत नाहीत, गाडी घसरत नाही. ऐकून ऐकून वॉचमनलाही पाठ झालं होतं. आजारपणानंतर मात्र वेगळाच हट्ट सुरू झाला. रिक्षा नको, टॅक्सी नको. एकदा मुलीने मोबाइलवरून टॅक्सी मागवून दिली, तर हे गेटचा गज डाव्या हाताने धरून उभे राहिले, सोडायलाच तयार नाहीत. आपली गाडी असेल तरच बाहेर पडणार. म्हणजे गाडी बंद तर धडा बंद, आणि धडा बंद तर उरलेला जन्म "बरं" वर काढायचा.

आणि नेमकी गाडीच बिघडली. दिवाळी झाली आणि स्टिअरिंगपुढच्या काट्यांपाशी पिवळा दिवा लागायला लागला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की जायचा, थोडं अंतर गेलं की परत हजर. तेवढ्यावर भागलं असतं तर मी त्यावर टिकली चिकटवून दिली असती. पण सिग्नलपाशी हळू होताना ब्रेकवर पाय ठेवला की पायाखाली खडखड व्हायची, पॅडल उलटं वर ढकलल्यासारखं लागायचं आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढेच. एका गॅरेजवाल्याने वाकूनसुद्धा न बघता सांगितलं, "एबीएस गेलंय, काकू. एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करता?" दुसऱ्याने आठवडाभर ठेवून घेतली आणि दिव्यासकट परत दिली. मुलगी बंगळूरहून रोज फोन करायची, "आई, विकून टाक ती गाडी, जिवावर बेतेल." हे तर गाडीत बसले की डाव्या बाजूला खाली बोट दाखवायचे आणि "बरं, बरं" म्हणायचे. मला वाटलं, आता डावा पायही बधिर झालाय. मी घरी येऊन त्या पायाला तेल चोळत बसायचे. हे कपाळाला हात लावायचे.

शेवटी मनाशी ठरवलं, हा गुरुवार शेवटचा. शनिवारी एक माणूस गाडी बघायला येणार होता. त्या सकाळी किल्ली फिरवताना महाराजांना म्हटलं, "मी काही मोठं मागत नाहीये. वाचा द्या म्हणून सांगून थकले. निदान हा दिवा तरी विझवा. तेवढंही जमत नसेल तर तसं सांगा." आता आठवलं की लाज वाटते, पण तोंडातून गेलं खरं.

येरवड्याच्या चौकात सिग्नल लाल झाला. मी चांगल्या अंतरावरून ब्रेक दाबला आणि पायाखाली ती मेली खडखड सुरू झाली. गाडी पुढेच जातेय! समोर मोटारसायकलवर एक तरुण उभा. मी हँडब्रेक खसकन ओढला. गाडी थांबली तेव्हा त्याच्या मागच्या चाकात आणि आमच्यात वीतभर जागा असेल. पुण्यात अशा वेळी काय काय ऐकून घ्यावं लागतं ते ठाऊक असल्यामुळे मी काच खाली केली आणि मान खाली घातली.

तो उतरून आला आणि म्हणाला, "तुम्हाले लागलं नाही ना, काकू? ब्रेक उशिरा लागून राहिले तुमचे." अमरावतीकडचा होता. त्याने गाडी कडेला घ्यायला लावली. पिवळा दिवा पाहिला आणि एकदम खूश झाला! तिथेच येरवड्यात एका कंपनीत होता आणि काम काय, तर गाड्यांच्या ब्रेकचे प्रोग्रॅम लिहायचे. पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप होता, गाडीला जोडायची वायर होती. त्या गर्दीच्या चौकात शेकडो माणसं थांबलेली, आणि मी धडकता धडकता राहिले ती नेमकी याला. काही वाचकांना वाटत असेल, त्याचं नाव दत्ता असणार. नव्हतं. अक्षय होतं.

त्याने स्टिअरिंगखाली वायर खुपसली, थोडा वेळ टकटक केली. म्हणाला, "पुढच्या डाव्या चाकाचा सिग्नल मधूनमधून तुटतो. चाक फिरत असते, पण मशीनला वाटते ते जाम झालं. म्हणून ते ब्रेक ढिला सोडते." त्या चाकाचा सेन्सर गेला असणार, आणि या जुन्या मॉडेलचा तो मिळणं कठीण, असंही म्हणाला. झालं! माझा उरलासुरला धीर सुटला. मी यांना म्हटलं, "अहो, पुरे आता. विकू या गाडी."

हे म्हणाले, "हार."

नवा शब्द! इतक्या महिन्यांत पहिला! आणि तो काय, तर हार? आनंद की दुःख, मला कळेना. मी रडत रडत ओरडले, "हार कसली मानताय? मी मेलेय का अजून?" अक्षयही खिडकीशी येऊन समजूत घालायला लागला, "नाही काका, असं नाही बोलायचं. हार नाही मानायची." हे लालबुंद झाले. दारावर थापा मारत म्हणाले, "हार! हार!" मग डाव्या हाताने गळ्यात काहीतरी घातल्यासारखं केलं, माझ्याकडे बोट केलं आणि बोट खाली चाकाकडे वळवलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दसऱ्याला मी गाडीची पूजा करून झेंडूचा भलामोठा हार बांधला होता. आमच्या सासूबाईंची शिकवण अशी, की दसऱ्याचा हार ओरबाडून काढायचा नाही, सुकून आपोआप पडू द्यायचा. मी तो तसाच राहू दिला. एका टोकाने सुटून डाव्या बाजूला लोंबत होता, तेही मी पाहिलं होतं. दिवाळीच्या सुमारास दिसेनासा झाला तेव्हा म्हटलं, गाईने खाल्ला असेल. हे त्याच बाजूला बसायचे, यांनी तो चाकात ओढला जाताना पाहिला असणार. अक्षय रस्त्यावर आडवा होऊन चाकामागे हात घालत होता. त्याच्या हातात आली ती हाराची बारीक तार. सेन्सरच्या वायरीभोवती तिचे वेढे बसले होते आणि आत काळ्या पडलेल्या झेंडूचा चोथा होता. ओढ बसून जोडणी अर्धवट निघाली होती. त्याने तार कापली, फडक्याने सगळं पुसलं, जोडणी घट्ट बसवली. माझी भक्तीच चाकात अडकली होती म्हणायची! हे माझ्याकडे असे बघत होते, की मी तेल चोळलेला पाय आठवून मला हसू फुटलं. मग हेही हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

दिवा विझला. बाजूच्या मोकळ्या गल्लीत दोनतीनदा ब्रेक लावून पाहिले, पायाखाली काही नाही, गाडी जागच्या जागी उभी. अक्षयला मी घरी जेवायला यायचं वचन घेऊनच सोडलं, आणि तो खरोखर येतो. थालीपिठं संपवून जातो.

त्या दिवशी देवळात गेले, पण भांडण काढायला काही उरलं नव्हतं. मी दिवा विझवायला सांगत होते. तो पहिल्याच दिवशी विझला असता तर हे कशासाठी तोंड उघडणार होते? त्या बिघाडाने यांच्या मनात एवढी तगमग उभी केली, की शब्दाला बाहेर पडावंच लागलं. याला चमत्कार म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. धडा घेणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी. मला एवढंच कळलं, की मी महाराजांना काम सांगत होते आणि ते कोणत्या क्रमाने करायचं तेही सांगत होते. आता मी मागणं सांगते आणि गप्प बसते. कसं, कधी, कोणाच्या हातून, ते त्यांचं त्यांनी बघावं. माझ्यासारख्या बोलक्या बाईला हे अवघड जातं, तरी करते.

त्यानंतर शब्द एकेक करून आले. "चहा" आला, "हळू" आला, "डावीकडे" आला. गेल्या गुरुवारी नदीवरचा पूल ओलांडताना मी एका बसला जरा जास्तच खेटून गाडी काढली. हे माझ्याकडे वळले आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तुला... गाडी... चालवता... येत नाही." सबंध वाक्य! पूल संपल्यावर मी गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर हात जोडले आणि पोटभर रडले. मग डोळे पुसून म्हटलं, "परत म्हणा बघू."

त्यांनी परत म्हटलं, आणि या वेळी जरा रागावून.