हातपंपवाल्या काकांचा स्वर्ग

मेल्यावर आपण कुठे जाणार याची इतकी पक्की खात्री असलेला, आणि तरीही रोज सकाळी सातच्या ठोक्याला कामावर निघणारा दुसरा माणूस मी अख्ख्या वर्धा जिल्ह्यात पाहिला नाही. पवनारला आमच्या भिंतीला भिंत लावून काका आणि काकू राहत. ख्रिस्ती कुटुंब. काका सरकारी नोकरीत गावोगावचे हातपंप दुरुस्त करत, आणि एसटीच्या टपावर सायकल टाकून पार गिरडपर्यंत जात. नव्वदच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यांत पंप बिघडल्याचा निरोप आला की जेवणाचं ताट तसंच सोडून उठत. "काका, येवढी घाई काऊन?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाबू, तिथं वर स्वर्गात नदी वाह्यते. बायबलात लिहून आहे. हातपंप नाई तिथं, म्हंजे मले कामच नाई. जे काय करायचं ते इथंच करून घ्या लागते."

काम नसलं तरी तिथे गाणं मात्र रोजचं, हेही त्यांनी वाचलं होतं, आणि जन्मभरात त्यांना एवढी एकच धास्ती होती. आवाज असा, की पहिल्या कडव्याला आमची शेळी दावं ताणून उभी राहायची. तरी रोज संध्याकाळी अंगणात खाट टाकून ते भजनं घोकत. "येवढ्या लोकांत मी एकटा बेसूर निघालो त कसं दिसन?" आई भिंतीपलीकडून भाकरी थापत म्हणायची, "देवानं यांचं गाणं ऐकलं असन. म्हणूनच बोलावून नाई राह्यला." यावर सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते काकाच.

भांडण त्यांना परवडत नसे. एकदा त्यांच्याच चर्चच्या पीठगिरणीवाल्याशी ज्वारीत गहू मिसळल्यावरून वाजलं. काका तणतणत घरी आले, आंघोळ केली, आणि धुतलेला शर्ट घालून पुन्हा गिरणीवर गेले, माफी मागायला. चूक गिरणीवाल्याची होती. मी तसं म्हणालो, तर काका म्हणाले, "अरे, तिथं त्याच्याच बाजूले घर भेटलं त? इथं वीस-पंचवीस वर्षं तोंड फिरवता येते. तिथं कवापर्यंत फिरवू?"

अशा माणसाच्या घरात एका उन्हाळ्यात काकू चार दिवसांच्या तापानं गेल्या. मातीला आम्ही सगळे गेलो होतो. काकांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. उलट रडणाऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवत ते सांगत होते, "रडायचं नाई. ती बरोबर पोचली." पण आठवडा झाला, पंधरवडा झाला, पाने-हातोड्यांची कामाची थैली खुंटीवरून खाली आली नाही. दोन गावांहून निरोप येऊन परत गेले. आईनं भाकरी देऊन मला पाठवलं, तर काका चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेले, आणि रडत होते. मला पाहून त्यांनी तोंड पुसलं. म्हणाले, "आयुष्यभर लोकायले सांगत गेलो, अन् आता मलेच रडू आवरत नाई. म्हंजे माहा विश्वास कच्चाच होता का रे?"

मी आईला बोलावलं. ती उंबऱ्यावर बसली, पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, पोरगी चांगल्या घरी देल्ली तरी बाप मांडवात रडतेच ना? घर वाईट आहे म्हणून रडते का तो?"

काकांनी भाकरी पुढ्यात ओढली आणि दोन खाल्ल्या. रविवारी चर्चमध्ये उभं राहून त्यांनी हेच सगळ्यांना सांगितलं, आणि कोणी सांगितलं तेही सांगितलं. सोमवारी सकाळी सातला सायकल बाहेर निघाली.

निवृत्त झाल्यावर ते पुलगावला लेकीकडे गेले. पुढे आई वारली. नंतरच्या वर्षी काका अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मी भेटायला गेलो. अंगात काही उरलं नव्हतं, पण चेहरा गावाला निघालेल्या माणसासारखा प्रसन्न. म्हणाले, "आता तुह्या मायले भेटीन."

"काका, आई तुमच्या चर्चची नव्हती."

"ते त्याचं तो पाहीन," त्यांनी वर बोट केलं. "मी आपला विचारत जाईन. निरोप काय सांगू ते बोल."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी खुर्ची जवळ ओढली. म्हणालो, "धाकट्या बहिणीचं लग्न जमलं म्हणून सांगा. मुलगा शिक्षक आहे, हिंगणघाटचा."

विसरू नये म्हणून त्यांनी ते दोनदा घोकलं. लग्न जमलं, शिक्षक, हिंगणघाटचा. मग डोळे मिटूनच विचारलं, "अन् तू? तू कसा आहेस म्हणून सांगू?"

मी त्यांचा हात धरून बसलो होतो. म्हणालो, "बरा आहे म्हणून सांगा. आणि तिची आठवण येते, तेही."