मंजूषाताई पास करत नाहीत

गोदामात माल येतो आणि जातो. किस्से मात्र नुसते येतात, जात नाहीत! आमच्या गोदामाचं सॉफ्टवेअर आता झकास चालतं. पण चहाला चार जण जमले की विषय निघतो तो ते सुरू होण्याआधीच्या टेस्टिंगचा. म्हणजे मंजूषाताईंचा.

आमच्या शेटजींचं गांधीबागेत औषधांचं होलसेल दुकान. धंदा वाढला तसं त्यांनी हिंगणा रोडला मोठं गोदाम घेतलं. कोणतं औषध कोणत्या रॅकवर ठेवायचं, कोणती बॅच आधी पाठवायची, हे सगळं सॉफ्टवेअर सांगणार होतं. ते बनवणारा समीर पुण्याचा. तपासणाऱ्या आमच्या मंजूषाताई, शिक्षणाने फार्मासिस्ट, राहणार प्रताप नगर. मी त्यांच्या हाताखाली.

पहिल्याच दिवशी समीरने डेमो दिला. तापाच्या गोळ्यांचा खोका स्कॅन केला, स्क्रीन हिरवी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला आणि तोही स्कॅन केला. परत हिरवी! पुडा तापाच्या गोळ्यांमध्ये जमा.

"काहून गा समीर, बिस्किटाले ताप आला का?"

सगळ्यात जास्त समीरच हसला. आणि मग मान खाली घालून कामाला लागला.

*

मे महिन्यात ताई समीरला स्कॅनर घेऊन माल उतरवायच्या टिनाच्या शेडमध्ये घेऊन गेल्या. ऐन दुपारी! घामेजलेल्या बोटाने स्क्रीनवरची बटणं काही दबेनात.

"मॅडम, आमच्या ऑफिसात व्यवस्थित चालत होतं हो," समीर म्हणाला.

"चालत असन ना. एसीत तर मीही चालतो!" बाजूने आवाज आला. हे बावणेकाका, गोदामाचे इन्चार्ज.

ताईंनी समीरच्या डोक्याला स्वतःचा दुपट्टा बांधून दिला, थंडगार ताक पाजलं आणि म्हणाल्या, "आता परत दाब." पुढच्या व्हर्जनमध्ये बटणं एवढी मोठी आली, की काका चष्म्याशिवाय वाचू लागले.

*

काकांचं एक होतं. कोणतंही बटण ते एकदा दाबून थांबत नसत. एक खोका आला, काकांनी दणादण बटण दाबलं आणि सॉफ्टवेअरमध्ये खोक्यांची रांग लागली!

समीर वैतागला. "काका, एकदाच दाबायचं असतं!"

"लिफ्टचं बटन तू एकदाच दाबतो का गा?"

ताई मात्र खूश. "काका, तुम्ही रोज असेच दाबत जा. सुधरायचं ते सॉफ्टवेअर सुधरन."

*

एकदा भर कामात लाईट गेली. काकांनी लगेच वीज कंपनीला फोन लावला आणि तावातावाने झापायला सुरुवात केली, "आमचं टेस्टिंग चालू होऊन राहिलं, अन् तुम्ही लाईट काहून घालवली?"

कोपऱ्यातून ताईंचा शांत आवाज आला. "काका, फोन ठेवा. मेन स्विच मीच बंद केला."

लाईट आली तेव्हा अर्धवट राहिलेली नोंद जशीच्या तशी होती. त्या दिवशी ताईंनी समीरची पाठ थोपटली. तो आठवडाभर तरंगत होता!

*

आणि मग मुहूर्ताचा दिवस. कॉम्प्युटरला हार घातलेला, संत्रा बर्फीचे डबे आलेले, गुरुजी पाटावर बसलेले. शेटजींच्या हातात नारळ. ताई म्हणाल्या, "फक्त एक शेवटचं पाहून घेते." लहान मुलांच्या सिरपची एक बॅच खराब निघाली, कंपनीने परत मागवली, अशी खोटी नोंद त्यांनी टाकली.

रॅकवरचे सगळे खोके तत्काळ लॉक झाले. पण गाडीत चढवलेल्या खोक्यांना सॉफ्टवेअरने खुशाल गेट पास दिला.

"मी पास नाही करत," ताई म्हणाल्या.

"मॅडम, मुहूर्त निघून राहिला!" शेटजींचा आवाज चढला. "रॅकवरचं तर अडलं ना? गाडीचं नंतर पाहू."

"शेटजी, गाडी एकदा गेटच्या बाहेर गेली, का ते सिरप कोणत्या लेकराच्या चमच्यात पडन, हे ना तुम्हाले माहीत, ना मले."

शेवटी समीरच म्हणाला, "ताईंचं बरोबर आहे. मला अजून वेळ द्या."

शेटजींनी एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा समीरकडे. मग हातातला नारळ हलकेच खाली ठेवला.

"गुरुजी," ते म्हणाले, "मुहूर्त टेस्टिंगमध्ये फेल झाला. दुसरा काढा!"