त्यांनी सगळं बरोबर सांगितलं होतं

दुपारच्या सुट्टीनंतर मी आठवीच्या वर्गावर होते. फळ्यावर समास लिहून देत होते, तेवढ्यात शाळेचे शिपाई दारात येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचा फोन सारखा वाजून राह्यला." स्टाफरूममध्ये जाऊन फोन उचलला. ह्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त फार सावकाश. "प्रकाश उठून नाही राह्यला," हे म्हणाले. आणि मग, "तू ये." शाळेपासून घर पायी जाण्याच्या अंतरावर आहे. वाटेत मी दोनतीन जणांशी नीट बोललेही, असं नंतर कळलं. मला काही आठवत नाही. घरी पोचले तेव्हा प्रकाशभाऊ खाटेवर कुशीवर होते, भिंतीकडे तोंड करून, जसे रोज दुपारी झोपत तसेच. सासूबाई त्यांच्या पायाशी बसून तळवे चोळत होत्या. कोणी सांगितलं तरी थांबत नव्हत्या.

उंद्री मोठं गाव आहे, बातमी पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत अंगण भरलं. बायका येत होत्या, माझ्या पाठीवर हात ठेवत होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडात एकच शब्द होता. "सुटला बिचारा." एक जण तर हलकेच म्हणाली, "तुम्हीबी सुटल्या मॅडम, इतक्या वर्षांच्या." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण काही आठवडे झाले तरी तो शब्द माझ्या कानातून जात नाही. माणूस जन्मभर एखाद्या गोष्टीतून बाहेर यायला धडपडतो, शिकतो, घोकतो… आणि शेवटी लोक म्हणतात, मेला म्हणून सुटला.

प्रकाश माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते बुलढाण्याला कॉलेजात होते, विज्ञान शाखेत. सुट्टीला आले की घर त्यांच्या आवाजानं भरायचं. गावात व्हॉलीबॉलची टीम होती. प्रकाशभाऊ नेटजवळ उडी मारून असा चेंडू हाणत, की पलीकडची पोरं बाजूला होत. दुसऱ्या वर्षाला असताना एकदा ते मध्येच घरी आले, बॅग नाही, चप्पल नाही. होस्टेलची पोरं भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात, म्हणाले. पुढच्या आठवड्यात आमच्या घराच्या भिंतीही बोलायला लागल्या. मग सगळ्यांचं होतं तेच आमचं झालं. कोणी दर्ग्यावर न्यायला सांगितलं, कोणी कुठल्या बाबाकडे. तसं सगळीकडे फिरून शेवटी आम्ही बुलढाण्याच्या मानसोपचार डॉक्टरांकडे पोचलो. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. ते नाव गावात कोणाला उच्चारता आलं नाही, आणि उच्चारायची गरजही वाटली नाही. गावाकडे त्यासाठी आधीच एक शब्द होता.

गोळ्यांनी आवाज बरेचसे थांबले. आम्हाला वाटलं, झालं, आता माणूस परत येईल. पण जो परत आला तो ओट्यावर बसून राहायचा. दोन कामं सांगितली तर एक विसरायचा. घरात चार माणसं बोलायला लागली, की कोण कोणाशी काय बोलतंय याचा धागा त्यांच्या हातून सुटायचा, आणि ते उठून जायचे. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचं त्यांना कळायचं नाही. सासूबाई दमून गप्प बसल्या तरी त्यांना वाटायचं, आई आपल्यावर रागावली. एकदा मी विचारलं, तुम्ही सगळ्यांत बसत का नाही? त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "मले समजते वयनी सगळं. पण माही पाळी येते तवा बोलणं पुढं निघून गेलेलं असते."

डॉक्टरांनीच एके दिवशी सांगितलं, की गोळीनं आवाज जातात, पण विचार करणं आणि माणसांत वागणं पुन्हा शिकावं लागतं, आणि त्याचा एक गट बुलढाण्यात चालतो. तो गट शुभांगीताई चालवायच्या. वयानं लहान, मानसशास्त्र शिकलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. दर आठवड्याला चिखलीला गाडी बदलून मी प्रकाशभाऊंना तिथं नेऊ लागले. आधी लक्ष देण्याचे, लक्षात ठेवण्याचे खेळ असायचे. मग माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो. हा रागावलाय, की दमलाय, की त्याचं दुखतंय? आणि मग छोटे छोटे प्रसंग. टेबलाचं हॉटेल व्हायचं, खुर्च्यांची एसटी. समोरच्याकडे बघायचं, आपण कशासाठी आलो ते आधी सांगायचं, थोडक्यात सांगायचं, आणि उत्तराची वाट बघायची. इतकं साधं. गटातले मोताळ्याचे एक गृहस्थ कंडक्टर व्हायचे आणि खऱ्या कंडक्टरपेक्षा जास्त ओरडायचे. एकदा त्यांनी प्रकाशभाऊंना खुर्च्यांच्या गाडीतून खाली उतरवूनच दिलं. सगळे हसले. प्रकाशभाऊही हसले… थोडे उशिरा, पण हसले. कितीतरी वर्षांनी मी तो आवाज ऐकला.

ताईंचा एक प्रश्न आमच्या घरात कायमचा राहायला आला. पानठेल्यावर दोघं जण हसतायत, तुम्ही समोरून चाललाय. काय वाटतं? प्रकाशभाऊ लगेच म्हणाले, "माह्यावर हसले." ताई म्हणाल्या, "असू शकतं. अजून काय असू शकतं?" मग शोधायचं. मोबाइलवर काही पाहिलं असेल. जुनी गोष्ट आठवली असेल. संध्याकाळी मी भाजी निवडत बसले, की आम्ही हाच सराव करायचो. शेजारीण न बोलता गेली, अजून काय असू शकतं? भाऊ जेवताना ओरडले, अजून काय असू शकतं? हे चिडायचे. "काय लावलं बे तुम्ही दोघांनी," म्हणायचे, आणि मग स्वतःच एखादं कारण सुचवायचे. फार हळू चाललं ते सगळं. महिन्यांच्या मेहनतीनं एक गोष्ट जमायची आणि एका वाईट आठवड्यात निसटायची. तरी एक दिवस असा आला, की प्रकाशभाऊ एकटे बुलढाण्याला जाऊन आले. बाजारातून भाजी आणायला लागले. फोन वाजला तर उचलून म्हणायचे, "नमस्कार, मी प्रकाश बोलतो," आणि पलीकडचा थांबेपर्यंत थांबायचे.

मग तो गटच बंद झाला. ताईंची नेमणूक एका योजनेतली होती, ती योजना संपली. शेवटच्या दिवशी ताईंनी प्रत्येकाचा हात हातात घेतला आणि घरी सराव चालू ठेवायला सांगितलं. मोताळ्याच्या गृहस्थांनी विचारलं, "मंग आता आम्ही कुठं यायचं?"  मी बरीच चौकशी केली. असं काही अकोल्याला असेल, संभाजीनगरला असेल, पण नक्की कोणी सांगेना, आणि दर आठवड्याला तिथवर जाणं आम्हाला शक्यही नव्हतं. डॉक्टरांकडे गोळ्या मिळत राहिल्या. आम्ही घरी सराव केला. पण मी त्यांची वहिनी. मी रागावले नाही तर त्यात त्यांचं काय कसब? त्यांना माणसं हवी होती, परकी, वेगवेगळी, आणि परत परत भेटणारी.

संजय हा त्यांचा व्हॉलीबॉलच्या टीममधला मित्र. आता गावातच दुकान चालवतो. त्याला घरी चहाला बोलवायचं, असं प्रकाशभाऊंनी स्वतःहून ठरवलं. माझ्यासमोर त्यांनी ते कितीदा म्हणून पाहिलं असेल. मग दुकानात गेले आणि नीट सांगून आले. संजय म्हणाला, "येतो ना. रविवारी पक्कं येतो." रविवारी प्रकाशभाऊंनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, ओट्यावर दोन खुर्च्या मांडल्या. मी पोहे भिजवून ठेवले होते. संध्याकाळ झाली. मी बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि सवयीनं विचारलं, "नाही आले. काय काय असू शकतं?" ते एकेक बोलू लागले. दुकानात गर्दी असन. पाहुणे आले असन. गाडी पंक्चर झाली असन. विसरला असन. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "अजून एक असू शकते वयनी. त्याले यायचंच नसन."

त्यांचा विचार चुकला, असं मला म्हणता आलं नाही. सगळ्या शक्यता तपासून, घाई न करता, ते बरोबर उत्तरापर्यंत पोचले होते. ताईंनी शिकवलं ते हेच. संजय त्या रविवारी आला नाही, पुढेही कधी आला नाही. रस्त्यात दिसला की लांबून हात करायचा.

त्यानंतर प्रकाशभाऊंनी सराव सोडला. मी आग्रह केला तर म्हणायचे, "मले येते ते. पण करू कोणासोबत?" बाजारात जाणं चालू होतं, तेही कमी झालं. गोळ्यांनी वजन वाढलेलं होतंच, पुढे साखर निघाली. पुन्हा ओट्यावर बसून राहू लागले. फरक इतकाच, की पूर्वी ते का बसलेत ते त्यांना सांगता येत नव्हतं. आता येत होतं.

ते गेले त्या दिवशीचं मला नंतर कळलं. शेजारच्या शांताबाई सांत्वनाला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "मी होती ना तवा दवाखान्यात." त्या सकाळी, मी शाळेत गेल्यावर, प्रकाशभाऊ एकटेच गावातल्या एका डॉक्टरांकडे गेले होते. घरात कोणालाच माहीत नव्हतं. नंबर लावला, बाकावर बसले, पाळी आल्यावर आत गेले. दार उघडंच होतं. शांताबाईंनी सगळं ऐकलं. "डॉक्टरसाहेब, नमस्कार," ते म्हणाले. "माह्या छातीत दुखते. सकाळपासून दुखते. डावा हात जड पडला. घाम येऊन राह्यला. मले तपासा." मग गप्प बसून उत्तराची वाट बघितली. डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोण आहे?" कोणी नव्हतं. "डोक्याच्या गोळ्या चालू आहेत ना?" "हाव, चालू आहेत." "मग घाबरू नका, असं वाटतं कधी कधी. भावाला घेऊन या संध्याकाळी." आम्लपित्ताची गोळी दिली. प्रकाशभाऊ उठले नाहीत. "मले वाटून नाही राह्यलं साहेब, दुखून राह्यलं," म्हणाले. आवाज चढवला नाही, शांताबाई सांगत होत्या. तोवर पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं. मग ते घरी आले, आईजवळ पाणी मागितलं आणि पडून राहिले.

हे डॉक्टरांना जाऊन भेटले. डॉक्टरांना वाईट वाटलं होतं, तसं ते म्हणालेही. अशा माणसांच्या तक्रारी पुष्कळ असतात, असंही म्हणाले. 

मी शुभांगीताईंचा नंबर शोधून काढला. त्या आता दुसऱ्या शहरात, दुसऱ्याच कामात आहेत. मी त्या सकाळचं सगळं सांगितलं. मग ताईंनी विचारलं, "त्यांनी कसं सांगितलं, शब्द आठवतात का?" शांताबाईंनी सांगितले तसे मी सांगितले. ताई म्हणाल्या, "सगळं बरोबर सांगितलं हो त्यांनी…"  फोन कोणी आधी ठेवला, आठवत नाही.

प्रकाशभाऊंच्या खोलीला बाहेरून कडी आहे. आतून नाही. आजार नवा होता, ते रात्री-बेरात्री निघून जात, तेव्हा सासऱ्यांनी ती बसवून घेतली होती, आणि त्या दिवसांत ती लागायचीही. पुढे सासरे गेले, कडीची गरज उरली नाही, पण ती काढायचं कोणाच्या मनात आलं नाही. आतून एक बसवावी, हेही आलं नाही. प्रकाशभाऊंनीही कधी म्हटलं नाही. बाहेर निघाले की ते स्वतःच ती कडी लावून जात, परत आले की काढून आत जात आणि दार नुसतं लोटून घेत. आता त्या खोलीत सोयाबीनची पोती ठेवली आहेत. मांजर शिरतं म्हणून संध्याकाळी सासूबाई कडी लावतात. दिवा लावून होतो, जेवणं होतात. झोपायच्या आधी त्या भिंतीला धरत धरत पुन्हा तिथवर जातात आणि कडी काढून, प्रकाशभाऊ लोटायचे तसं दार नुसतं लोटून येतात. ह्यांनी एकदोनदा सांगून पाहिलं, की मांजर शिरेल. तरी त्या रोज जातात.