साहेबांच्या मोटारीच्या व्हीलकॅपा

माझं डोकं मुळात गरम, त्यात ज्ञान अर्धवट. हे दोन्ही एका माणसात आलं की काय होतं, ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चिंचवडला, दाजींच्या वॉशिंग सेंटरवर दिसलं. सेंटर आपलं म्हणायचं. हायवेच्या कडेला सिमेंटचे दोन चढ, मधे खड्डा, विहिरीवर पंप आणि लांबलचक पाइप. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चिंचवडचे जुने गावकरी. मी आणि माझी बायको त्यांच्याच घरातल्या एका खोलीत राहायचो.

मी पिंपरीला एका कंपनीत टेम्पररी होतो. तेव्हा टेम्पररी म्हणजे सात-आठ महिने राबायचं, मग ब्रेक, मग पुन्हा कुणाच्या तरी हातापाया पडायचं. असे तीन ब्रेक मी खाल्ले होते. दिवाळीनंतर काहीजणांना पर्मनंट करणार आणि यादी आमचे साहेब करणार, हे गेटवरच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक होतं. बायकोला दिवस गेलेले. या खेपेला नाव लागलं नाही तर बोचकं बांधून गावी जायचं, हे आमचं ठरलेलं.

आणि नेमके तेच साहेब सकाळी मोटार घेऊन दाजींकडे आले. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा, तशीच गाड्यांची. त्यामुळे आदल्या दिवशी धुवायला ही रांग. "नीट धू," साहेब दाजींना म्हणाले, "काम आवडलं तर कंपनीच्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे पाठवीन." दोन तासांनी येतो म्हणून ते गावात निघून गेले.

माझी सेकंड शिफ्ट होती, सकाळ मोकळी. मी दाजींना म्हटलं, ही गाडी मी करणार. साहेबांच्या नजरेत भरायची याहून चांगली संधी कुठली? बॉडी तर चकाचक केली. पण चाकांवरच्या क्रोमच्या टोप्या, त्या व्हीलकॅपा, काही केल्या साफ होईनात. वर गंजाचे बारीक ठिपके बसलेले. साबण झाला, राख झाली, रॉकेल झालं. माझं डोकं तडकलं.

आता माझं कंपनीतलं काम सांगतो. गंजकं लोखंड ऍसिडच्या टाकीत बुडवायचं, पांढरं झालं की काढायचं, ट्रॉलीवर टाकून भिंतीपलीकडे क्रोमच्या खात्यात ढकलायचं. भिंतीपलीकडे त्याचं काय करतात, ते कधी बघितलं नाही. आपली ट्रॉली गेली, आपण सुटलो. गंज म्हटला की ऍसिड, एवढीच आमची विद्या. आणि त्या ऍसिडची एक बाटली मी मोरी घासायला म्हणून डब्याच्या पिशवीतून घरी आणून ठेवलीच होती.

दाजी खड्ड्यात दुसऱ्या गाडीखाली होते. मी घरून बाटली आणली, काठीला चिंधी बांधली आणि चारी चाकांना सढळ हाताने ऍसिड लावलं. चरचर आवाज झाला, हिरवट पाणी वाहिलं. मी म्हटलं, वर्षानुवर्षांची घाण निघतेय. पाणी मारलं, ओली चाकं अशी चमकली की मी बिडी पेटवून ऐटीत बसलो.

बिडी संपेपर्यंत ऊन लागून चाकं वाळली. टोप्या पिवळट, मुर्दाड दिसायला लागल्या आणि रिमच्या रंगाला पापुद्रे सुटले. गंज गेला होता, पण सोबत क्रोमही गेला होता. पुढे कळलं, बिघडलेला क्रोम उतरवायला भिंतीपलीकडची मंडळी हेच ऍसिड वापरतात. दाजी वर आले, त्यांनी चाकं बघितली, बाटली हुंगली. "कंपनीतली हाय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी बाटली उचलली आणि गुपचूप खड्ड्यातल्या चिखलात खोल दाबली.

तेवढ्यात साहेब आलेच. चाकांपुढे उकिडवे बसले, बोटाने पापुद्रा काढला. "काय लावलंस याला?"

"माज्या हातनं झालं, साहेब," दाजी म्हणाले. "बाजारातनं नवं औषध आणलं व्हतं."

मी चार पावलांवर पाइप धरून उभा. तोंड उघडावं, तर चोरीचं ऍसिड, म्हणजे यादी तर गेलीच, वर पोलीस. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं आणि दाजींवर आणखी भडकले. "अरे, हा आमचा माणूस तुझ्याकडे उभा आहे, रोज ऍसिडात काम करतो. लावायच्या आधी याला तरी विचारायचंस."

"व्हय साहेब," दाजी म्हणाले, "इचारायला पायजे व्हतं."

लाज वाटली म्हणणं फार थोडं होईल. त्या क्षणी मला स्वतःचाच तिटकारा आला, तरीही मी तोंड उघडलं नाही.

दिवाळीनंतर यादी लागली, त्यात माझं नाव होतं. साहेबांनी बोलावून सांगितलंसुद्धा, "त्या धुणाऱ्याकडे बघून पटलं, कामाची माहिती असलेला माणूस हातचा सोडू नये." मी पर्मनंटचं पत्र घेऊन तसाच सेंटरवर गेलो. दाजी एक चिखलाने बरबटलेला ट्रक धूत होते. कंपनीची एकही गाडी त्या चढावर आली नव्हती, पुढेही कधी आली नाही. मी म्हणालो, "दाजी, त्या दिवशी मी..."

"कागद आदी खिशात घाल," ते पाइप दुसरीकडे वळवत म्हणाले, "भिजंल."